एक डीबी गेला, तर दोन डीबी का जातात?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका केबल व्यावसायिक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. शाळेत असल्यापासून ती त्यांच्यासोबत दुकानात बसते, फायबर जोडायच्या स्प्लायसिंग मशीनवर जॉइंट मारते, जळालेले नोड (फायबरमधल्या प्रकाशाचा टीव्ही सिग्नल करणारे डबे) उघडून बघते. तिला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) घ्यायचं आहे आणि ‘स्वतःच्या नावावर पेटंट असलेली इंजिनिअर’ व्हायचं आहे. वडिलांचं म्हणणं कॉम्प्युटर घ्यावं, कारण भाचा हिंजवडीत आहे आणि त्याचं बरं चाललं आहे. आजीचं म्हणणं, पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं का? पत्राच्या शेवटी त्यांनी तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नलचा जोर किती घटला-वाढला ते सांगणारं माप): ‘परवा विचारत होती, पप्पा, पॉवर मीटरवर लाइट एक डीबीनं कमी झाला की टीव्हीकडचा सिग्नल दोन डीबीनं का उतरतो? मी म्हटलं, मशीन तसंच असतं. दोन दिवस बोलली नाही.’

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

तुमच्या नोडमध्ये फायबरमधून येणारा प्रकाश एका फोटोडायोडवर पडतो आणि त्यातून करंट निघतो. प्रकाश जेवढा, करंट तेवढा. प्रकाश निम्मा झाला तर करंटही निम्मा होतो. पण पुढे कोॲक्समधून, म्हणजे टीव्हीच्या केबलमधून, घरोघरी जाते ती आरएफ (रेडिओ लहरींच्या सिग्नलची) पॉवर, आणि पॉवर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट निम्मा म्हणजे पॉवर पाव. डीबी हे लॉगॅरिदमचं माप, त्याच्या हिशेबात वर्ग म्हणजे दुप्पट, म्हणून तिकडे एक डीबी गेला की इकडे दोन जातात. एजीसी (सिग्नल आपोआप सारखा ठेवणारी सोय) नसलेल्या जुन्या नोडवर हे स्वच्छ दिसतं. एजीसी असलेला नोड ही घट आतल्या आत भरून काढतो, त्यामुळे तिथे ती लक्षात येत नाही. मुलीनं बहुधा जुन्याच नोडवर पाहिलं असणार.

हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा आहे आणि तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं तो विचारत नाहीत. सूत्र पाठ करतात, मार्क घेतात. तुमच्या लेकीनं आधी दोन मीटरवरचे आकडे पाहिले, ते जुळत नाहीत हे तिला खटकलं, मग तिनं कारण विचारलं. हार्डवेअरमधले शोध बहुतेक याच क्रमानं लागतात.

‘आमच्या धंद्यात कसले आलेत शोध’ असं तुम्ही लिहिलंय. जरा तुमच्याच रॅककडे बघा. फायबर हा मुळात काचेचा धागा. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये एक निबंध लिहिला. तेव्हाच्या काचेत किलोमीटरला हजारेक डीबी लॉस यायचा. त्यांचं म्हणणं होतं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. ती काढली आणि लॉस किलोमीटरला २० डीबीच्या खाली आणला तर यातून फोन चालतील. २० डीबी म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. आज ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण तेव्हा तेही स्वप्नच होतं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी ती मर्यादा ओलांडली. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज तुम्ही ओढता त्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डीबीच्या आसपास जातो. म्हणजे सोलापूर ते पंढरपूर सत्तरेक किलोमीटर धरले तर १४ डीबी, शंभरातले चार भाग प्रकाश पंढरपुरात पोहोचतो आणि तेवढ्यावर काम भागतं. पुण्यापर्यंत मात्र अडीचशे किलोमीटरला ५० डीबी जातात, लाखातला एक भाग उरतो. मध्ये कुठेतरी जोर लावावाच लागतो.

तो जोर लावणारं यंत्रही तुमच्या ओळखीचं आहे. एमएसओच्या (तुम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या) हेडएंडला, म्हणजे मुख्य केंद्रात, ज्याला सगळे नुसतं ‘ईडीएफए’ म्हणतात, त्यात अर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेला फायबर असतो आणि तो प्रकाशाला प्रकाश ठेवूनच वाढवतो. १९८७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटानं आणि अमेरिकेत बेल लॅबमध्ये एमॅन्युएल देझुर्वीर यांच्या गटानं तो करून दाखवला. त्याआधी लांबच्या लाइनवर प्रकाशाची वीज करायची, ती वाढवायची आणि पुन्हा प्रकाश करायचा, असा द्राविडी प्राणायाम ठिकठिकाणी करावा लागे.

एवढे मोठे शोध सोडा. तुमच्या बॅगेतला हिरवा कनेक्टर काढा आणि निळ्याशेजारी ठेवा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. सरळ टोकावरून थोडा प्रकाश आल्या वाटेनं परत लेसरकडे जातो आणि केबल टीव्हीच्या सिग्नलमध्ये नॉइज आणतो. टोक तिरकं केलं की तोच प्रकाश बाजूला, कोअरच्या, म्हणजे फायबरच्या गाभ्याच्या, बाहेर निघून जातो. फक्त ८ अंश! हिरव्यात निळा घुसवला की लॉस का वाढतो, हे तुम्ही लाइनमनला ओरडून सांगत असाल. कारण हेच, दोन टोकं एकमेकांना टेकत नाहीत. कुणाला तरी परत येणारा प्रकाश मोजावासा वाटला, म्हणून तो तिरकेपणा आला. मुलीला शोध म्हणजे काय ते सांगायचं असेल तर नोबेलच्या गोष्टीपेक्षा हा कनेक्टर तिच्या हातात द्या.

आता पेटंटबद्दल, कारण तिच्या डोक्यात ते आहे आणि तुमच्या डोक्यात त्याची भीती. पेटंट हे ध्येय म्हणून धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दुरून घंटा वाजवून दाखवली. मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागतील एवढ्या आखूड लहरींवर त्यांनी त्या काळात काम केलं. आज ५जीचे लोक त्याच पट्ट्यात खटपट करताहेत. पेटंट घेण्याची त्यांना मनापासून नावड होती. मित्रांच्या आग्रहानं अमेरिकेत अर्ज केला, १९०४ मध्ये गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं पेटंट मिळालं, आणि आज तेच अर्धवाहक उपकरणाचं पहिलं पेटंट म्हणून सांगतात. आधी काम झालं, कागद नंतर आला.

उलट प्रकारही आजूबाजूला पुष्कळ दिसतो. कॉलेजच्या बोर्डावर ‘आमच्या विद्यार्थ्यांची इतकी पेटंट’ म्हणून लागलेल्या यादीतली कितीतरी प्रमाणपत्रं प्रत्यक्षात डिझाईन नोंदणीची असतात. म्हणजे डब्याच्या आकाराची. काहींचा नुसता अर्ज प्रसिद्ध झालेला असतो, मंजुरीचा पत्ता नसतो. पैसे घेऊन नाव घालणारेही भेटतील, त्यांना दारातूनच वाटेला लावा. खरंच काही सुचलं तर एक नियम तिला माहीत असू द्या: अर्ज करण्याआधी ते प्रदर्शनात मांडायचं नाही, यूट्यूबवर टाकायचं नाही. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मंजूर झालेल्या पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. याच वाटेवर एक वेगळं करिअरही आहे. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पेटंट एजंटची सरकारी परीक्षा देता येते. लिहिण्याची आवड असलेल्या इंजिनिअरला ते काम छान जमतं. तुमची लेक मात्र नोड उघडणारी आहे, ती दिवसभर मसुदे लिहीत बसेल असं पत्रावरून वाटत नाही.

मग कॉम्प्युटर की ईएनटीसी? ईएनटीसी. पण त्याची किंमत काय ते आधी ऐका, नाहीतर चार वर्षांनी मला शिव्या घालाल. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरवाल्यांचीच गर्दी असते. आरएफ आणि ऑप्टिकल हार्डवेअरच्या जागा थोड्या आणि पहिला पगार बऱ्याचदा कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी. शिवाय नुसत्या बीटेकवर डिझाईनचं काम क्वचित हाती देतात. गेट देऊन एमटेक करावंच लागतं, म्हणजे आणखी दोन वर्षं. दुकानाच्या हप्त्यांचा आणि धाकट्याच्या शिक्षणाचा विचार करून हे परवडेल का, ते तुम्ही दोघा नवरा-बायकोनं ठरवा. परवडत असेल तर भाच्याच्या पगाराशी तुलना बंद करा. आणि पुढे घराला पैशाची गरज पडलीच, तर ईएनटीसीची मुलं कोडिंग शिकून सॉफ्टवेअरमध्ये जातात, रोज जातात. उलट्या दिशेनं, कोडिंगकडून अँटेना डिझाईनकडे वळलेलं माणूस मी फारसं पाहिलेलं नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. एमएचटी-सीईटी २०० मार्कांची, त्यातले १०० एकट्या गणिताचे. तिला फिजिक्स आवडतं म्हणून गणिताकडे दुर्लक्ष झालेलं चालणार नाही. पुढे इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स नावाचा जो विषय येतो, ज्याच्या नावानं पोरं रडतात, तो अख्खा गणितावर उभा आहे. फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. २०२४-२५ पासून राज्यात कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्ताच तयार करायला घ्या, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा मिळत नाही.

कॉलेज सोलापुरातलंच घ्यायचं की पुण्याला पाठवायचं, हा प्रश्न तुम्ही दोनदा विचारलाय. वालचंदला ईएनटीसी आहे, पुण्यात तर डझनभर आहेत. नावावर जाऊ नका, लॅबमध्ये जा. व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर ही आरएफ मोजायची यंत्रं आहेत का, ते चालू आहेत का, आणि मुलांच्या हातात देतात की कपाटात ठेवतात, एवढं विचारा. सरांना विचारू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. सोलापुरात उत्तर बरं मिळालं तर घराजवळ ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. तिची दुसरी लॅब तुमचं दुकान आहेच.

पुढे एमटेकला आयआयटी मुंबई, मद्रास, खरगपूर किंवा बंगळुरूची आयआयएससी यांच्यावर डोळा ठेवायचा. शुद्ध प्रकाशाकडे ओढा निघाला तर कोचीच्या विद्यापीठात फोटॉनिक्सची स्वतंत्र शाखा आहे. नोकऱ्या कुठे? मुंबईत पवईला समीर ही मायक्रोवेव्हवर काम करणारी सरकारी संस्था आहे, अहमदाबादला इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर उपग्रहांवरची उपकरणं बनवतं, हैदराबाद आणि बंगळुरूला डीआरडीओच्या रडार नि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळा, दूरसंचारावर काम करणारी सरकारी सी-डॉट, खासगीत बंगळुरूची तेजस नेटवर्क्स. आणि फार लांब कशाला, तुम्ही ओढता ती काच आपल्या संभाजीनगरजवळच्या एमआयडीसीतही बनते. आजींना सांगा, यातल्या एकाही ठिकाणी खांब नाही.

हे वाचून तिला दाखवण्यासारखं काही हवं असेल तर नारायणगावजवळ खोडदला घेऊन जा. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. आकाशातून येणारा क्षीण आरएफ सिग्नल प्रत्येक डिशपाशी लेसरवर चढवतात आणि फायबरमधून मधल्या इमारतीत आणून पुन्हा आरएफ करतात. म्हणजे तुमचाच नोड, फक्त चॅनलच्या जागी आकाशगंगा. विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीच्या आसपास, ते लोकांसाठी प्रदर्शन भरवतात. यंदाच्या तारखा बघून निघा. तिला तिथल्या इंजिनिअरला तोच प्रश्न विचारू द्या. मला वाटतं, तो खुर्ची देऊन बसवेल.

तोवर घरी काय करायचं? लॅपटॉप बारावी झाल्यावर घ्या. आत्ता एक शंभर पानी वही द्या आणि प्रत्येक जॉइंटला मशीननं दाखवलेला अंदाजे लॉस आणि ओटीडीआरवर (फायबरमधला लॉस मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्यक्ष दिसलेला लॉस शेजारी-शेजारी लिहायला सांगा. दोन आकड्यांत फरक येईल. दोन्ही टोकांकडून मोजलं तर आणखी वेगळा येईल, एखादा जॉइंट तर चक्क लॉसऐवजी गेन दाखवेल. का, ते तिला शोधू द्या. यावेळी ‘मशीन तसंच असतं’ म्हणू नका, ‘मलाही माहीत नाही, बघून सांग’ म्हणा. हॅम (हौशी) रेडिओचं लायसन्स १२ वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देऊन काढता येतं, ते बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत करता येईल. त्याआधी घरात कुठलाही ट्रान्समीटर बांधून हवेत सोडायचा नाही, तो गुन्हा आहे.

आणि एक, हे आजच सांगा. ती नोड उघडते, फायबर हाताळते, तर ईडीएफएच्या चालू पोर्टमध्ये किंवा तुटलेल्या फायबरच्या टोकाकडे डोळा लावून ‘लाइट येतोय का’ बघायची सवय तिला नको. तुमच्या पोरांना असते, मी पाहिलं आहे. १५५० चा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. बघायचं ते पॉवर मीटरवर. क्लीव्हरनं कापलेले काचेचे तुकडे टेबलावर न सोडता झाकणाच्या डबीत टाकायचे, आणि स्प्लायसिंगच्या टेबलावर चहा-भडंग आणायचं नाही, तुम्हीसुद्धा.