जुन्या स्टारला निरोप कसा द्यावा? : वाचकांचे फुटबॉल-प्रश्न

प्रश्न : आमचा क्लब जिल्हा लीग खेळतो. आमचा स्ट्रायकर ३७ वर्षांचा आहे आणि सुरुवातीपासून आमच्याकडेच आहे. लोक अजून त्याला बघायला येतात. पण साठाव्या मिनिटानंतर तो थकतो, मागे पळत नाही. बाकावरची दोन तरुण मुलं दुसऱ्या क्लबशी बोलू लागली आहेत. समितीत दोन तट पडले आहेत. त्याला कधी आणि कसं सांगावं?
*एका क्लबचे सचिव, खडकी*

उत्तर : तट पडलेत ते बहुधा दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे. पुढच्या हंगामात त्याला घ्यायचं की नाही, हा फुटबॉलचा निर्णय. त्याचा मान कसा राखायचा, हा क्लबचा निर्णय. एक गट त्याच्या मिनिटांबद्दल बोलतोय आणि दुसरा त्याच्या ऋणाबद्दल, आणि आपापल्या जागी दोघांचंही बरोबर आहे. पहिला निर्णय प्रशिक्षकाने घ्यावा आणि समितीने एकमुखाने त्याच्या पाठीशी उभं राहावं. सत्काराचा विषय त्यानंतर काढावा.

निर्णयाआधी शेवटचे आठ-दहा सामने नीट तपासा. मोबाइलवर काढलेला व्हिडिओही पुरतो. चेंडू हातचा गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो प्रतिस्पर्ध्याला दाबायला किती वेळा धावतो, हे पहिल्या अर्ध्या तासात मोजा आणि साठाव्या मिनिटानंतर पुन्हा मोजा. वय वाढलं की एखादी जोरदार धाव अजूनही निघते. पण तीच धाव मिनिटभरात पुन्हा काढायची ताकद बहुतेकदा आधी कमी होते, आणि मग त्याच्या वाटची पळापळ मधल्या फळीवर पडते. सामन्यानंतर सरावाला तो कितव्या दिवशी पूर्ण जोराने उतरतो, तेही लिहून ठेवा.

या मोजणीतून वेगळंही काही निघू शकतं. शेवटची पंचवीस मिनिटं, फ्री-किक आणि गोलसमोरचं डोकं एवढ्यासाठी तो अजून उपयोगाचा असेल, तर एका वर्षासाठी ती भूमिका द्या. फक्त ती स्पष्ट शब्दांत सांगा : सुरुवातीच्या अकरात तू नसशील. हे त्याला मान्य असेल तरच पुढे जा. मोठा खेळाडू नाराज होऊन बाकावर बसला की प्रत्येक सामन्यात प्रेक्षक बाकाकडे बघत राहतात आणि त्याच्या जागी उतरलेला मुलगा बिचकतो.

वेळेचं म्हणाल, तर लीगचे पाच-सहा सामने उरले असताना सांगा. त्याआधी सांगितलं तर उरलेला अख्खा हंगाम निरोप समारंभ होऊन बसतो. हंगाम संपल्यावर सांगितलं तर चाहत्यांसमोर शेवटचा सामना खेळायची संधीच हुकते. बार्सिलोनात मेस्सीचं असंच झालं. करार ३० जून २०२१ ला संपला, बोलणी पुढे चालू राहिली, ला लिगाच्या, म्हणजे स्पॅनिश लीगच्या, आर्थिक नियमांत नवा करार बसेना आणि ऑगस्टमध्ये पत्रकार परिषदेत रडत निघायची वेळ त्याच्यावर आली. इटलीतल्या युव्हेंटस क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष आंद्रेआ अन्येल्ली यांनी मात्र क्लबचा जुना स्टार देल पिएरो याचा हा शेवटचा हंगाम, असं ऑक्टोबर २०११ मध्येच सांगून टाकलं. ते भागधारकांच्या सभेत सांगायला नको होतं, असं आमचं मत आहे. पण खेळाडूला आणि गावाला तयारीसाठी सात महिने मिळाले, हे खरं.

आता बैठकीबद्दल. अध्यक्ष आणि प्रशिक्षक असे दोघेच जा. पाच जण समोर बसले की ती चौकशी वाटते. सामन्यानंतर मैदानावर हा विषय काढू नका, फोनवर तर नाहीच. पहिल्याच वाक्यात निर्णय सांगा : "पुढच्या हंगामासाठी तुझी नोंदणी आम्ही करणार नाही. कारणं सांगतो, मग तू बोल." 'बघू', 'विचार चालू आहे', 'तुलाही विश्रांती हवीच' ही वाक्यं टाळा. त्यातून त्याला आशा लागून राहते आणि महिन्याभराने तुम्ही खोटे ठरता. त्याच बैठकीत कोचपद पुढे करू नका. तोंड बंद ठेवण्यासाठी दिलेलं आमिष वाटतं ते.

समितीचा निर्णय आणि ही बैठक यांत चोवीस तासांपेक्षा जास्त अंतर नको. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून ही बातमी फुटायला एक संध्याकाळ पुरते आणि ती त्याला चहाच्या टपरीवर कळली, तर नंतर कितीही मोठा सत्कार केला तरी ती दुखावणूक भरून निघत नाही. त्याला आठवडाभर द्या. निवृत्त व्हायचं की दुसऱ्या क्लबकडून खेळायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. जाहीर निवेदन त्याला आधी वाचायला द्या आणि तो पुढे खेळणार असेल तर त्यात 'निवृत्ती' हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. समोरचा क्लब तो शब्द वाचून माघार घेतो. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, ऑनलाइन नोंदणीतली, म्हणजे सीआरएसमधली, तुमच्या बाजूची कामं लगेच उरका. राहिलेलं मानधन, प्रवासखर्च, दुखापतीची बिलं हारतुऱ्यांच्या आधी चुकती करा.

प्रश्न : निरोपाचा सामना लीगचाच असावा की वेगळा मैत्रीपूर्ण ठेवावा? ठराविक मिनिटाला त्याला बाहेर काढून टाळ्या घ्यायची कल्पना कशी आहे?
*संघ व्यवस्थापक, कोथरूड*

उत्तर : लीगचा घरचा सामना सगळ्यांत चांगला, पण गुणतक्ता बघून. १३ मे २०१२ ला अटालांटाविरुद्ध देल पिएरोने गोल केला, दुसऱ्या अर्धात बाहेर आला आणि सामना चालू असतानाच मैदानाला फेरी मारून लोकांना भेटला. हे जमलं, कारण युव्हेंटसने आठवडाभर आधीच विजेतेपद खिशात घातलं होतं. सुनील छेत्रीचा ६ जून २०२४ चा कोलकात्यातला निरोपाचा सामना विश्वचषक पात्रतेचा होता, कुवेतविरुद्ध भारताला विजय हवा होता आणि निकाल ०-० लागला. जिंकायलाच हवा असा सामना आणि निरोप एकाच संध्याकाळी आले की दोन्हीचं ओझं खेळाडूंच्या पायांवर येतं. मार्च २०२५ मध्ये छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं गेलं आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्धच्या ३-० विजयात त्याने गोलही केला. त्याच्या जागेवर कोण, याचं उत्तर तयार नसताना दिलेला निरोप टिकत नाही, म्हणून तुमच्या तरुण स्ट्रायकरला उरलेल्या सामन्यांत आधीपासून मिनिटं द्या.

ठराविक मिनिटाचं नाटक करू नका. मे २०१७ मध्ये चेल्सीच्या जॉन टेरीला निरोपाच्या सामन्यात, त्याचा क्रमांक २६ म्हणून, २६व्या मिनिटाला बाहेर काढलं. त्यासाठी प्रतिस्पर्धी संडरलँडने चेंडू मुद्दाम बाहेर मारला. त्या मिनिटावर पैज लावणाऱ्यांना पैसे मिळाले आणि प्रकरण वादात अडकलं. तुमच्या सामन्यावर कोणी पैज लावणार नाही, पण प्रतिस्पर्ध्याला खेळ थांबवायची गळ घालणं लीगमध्ये शोभत नाही. दोन संघांची मानवंदना सामन्याआधीच उरका. त्याला सत्तराव्या-ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास, चेंडू आपसूक थांबल्यावर बदला.

इथे एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात. २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे बदली होणाऱ्या खेळाडूने सीमारेषेच्या सर्वांत जवळच्या जागेवरून बाहेर जायचं असतं. त्याला मैदान ओलांडून आपल्या बाकापर्यंत चालत यायचं असेल तर पंच परवानगी देऊ शकतात. टॉसच्या आधी पंचांना भेटून हे सांगून ठेवा. नाहीतर तुमचा हिरो पलीकडच्या कोपऱ्यातून एकटाच बाहेर पडेल, फोटोवाले या बाजूला आणि तो त्या बाजूला. तोच कर्णधार असेल तर दंडावरची पट्टी कोणाच्या हातावर बांधायची, तेही आधी ठरवा.

मैत्रीपूर्ण सामनाच ठेवायचा असेल तर पुण्याचा पावसाळा सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार घ्या. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं. चारला सुरुवात, ३५-३५ मिनिटांचे दोन अर्ध आणि १५ मिनिटं विश्रांती धरली तर ५:२५ ला सामना संपतो आणि सत्काराला अर्धा तास उजेड मिळतो. जुने सवंगडी पन्नाशीचे असतील, म्हणून अमर्याद बदली ठेवा. फिजिओ, बर्फ आणि रुग्णवाहिका हवीच, कारण वर्षानुवर्षं न पळालेल्या पोटऱ्या पहिल्या दहा मिनिटांतच दगा देतात. भाषणं तीन, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि शेवटचं त्याचं. पगडी-शाल-श्रीफळ जरूर द्या, पण त्यासोबत त्याचे सामने आणि गोल यांची तपासलेली यादीही द्या. पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी हे क्लब या शहरातून गेले. क्लब गेला की नोंदींच्या वह्याही जातात. तुमच्या जुन्या टीम-शीट, म्हणजे सामन्यांच्या खेळाडू-याद्या, आत्ताच काढा. त्यात दोन-तीन संध्याकाळी सहज जातील.

प्रश्न : त्याच्या जर्सीवरचा दहा नंबर कायमचा निवृत्त करावा का?
*एक वाचक, पिंपरी*

उत्तर : एखादा हंगाम रिकामा ठेवा, तेवढं पुरे. देल पिएरो गेल्यावर युव्हेंटसने एक वर्ष दहा नंबर कोणाला दिला नाही, २०१३ मध्ये तो नव्याने आलेल्या तेवेझला दिला. नापोलीने मॅराडोनाचा दहा कायमचा बाजूला ठेवला, पण मॅराडोना रोज जन्माला येत नाही. लहान क्लबमध्ये तो नंबर अकादमीतल्या मुलाला मिळावा आणि जुन्या स्टारने तो स्वतः द्यावा.

प्रश्न : निरोपानंतर त्याला क्लबमध्ये पद द्यायचंय. कोणतं द्यावं?
*क्लबचे खजिनदार, कॅम्प*

उत्तर : पद नंतर शोधा, आधी काम ठरवा. इटलीचा स्टार तोत्ती मे २०१७ मध्ये रोमा क्लबसाठी शेवटचा खेळला आणि संचालक झाला. जून २०१९ मध्ये त्याने राजीनामा दिला, आणि निर्णयांत आपल्याला स्थान नव्हतं असं उघड सांगितलं. नावापुरतं पद म्हणजे पुढे ढकललेला अपमानच. निरोपानंतर दोन महिने काहीच देऊ नका, त्याला श्वास घेऊ द्या. मग १४ वर्षांखालच्या मुलांचे आठवड्याला दोन सराव, ठरलेलं मानधन, एका वर्षाचं लेखी पत्र आणि कोणाला विचारून काय ठरवायचं, एवढं कागदावर आणा. पहिल्या संघाच्या बाकावर पहिलं वर्षभर त्याला बसवू नका. नवा स्ट्रायकर गोल चुकला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतील, आणि ते दोघांनाही जड जाईल.

प्रश्न : मी व्यावसायिक करारावर खेळतो. वय ३५. हंगाम संपत आला तरी क्लब काहीच बोलत नाही. मी काय करू?
*एक खेळाडू, पुणे*

उत्तर : लेखी विचारा आणि उत्तरासाठी तारीख द्या. कराराचे सहा महिने किंवा कमी उरले असतील तर फिफाच्या नियमांनुसार तुम्ही दुसऱ्या क्लबशी करार करू शकता. त्या क्लबने बोलणी सुरू करण्याआधी तुमच्या क्लबला लेखी कळवायला हवं. क्लबने प्रस्ताव दिलाच तर तो कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे, ते त्याच दिवशी लिहून घ्या. सर्जिओ रामोसने २०२१ मध्ये रियल माद्रिदचा एका वर्षाचा प्रस्ताव अखेर स्वीकारायचं ठरवलं, तेव्हा त्याला मुदत संपल्याचं सांगण्यात आलं. मुदत होती हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं.