अक्षता, वरात आणि आडव्या रेघा

प्रश्न : बहिणीच्या २००५ सालच्या लग्नाच्या तीन मिनी-डीव्ही टेप कॉम्प्युटरवर उतरवल्या. अक्षता टाकताना सगळ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात दिसतात. डीव्हीडी आईसाठी करायची आहे, ती टीव्हीवरच बघणार. आधी सगळं फुटेज डीइंटरलेस करू का, म्हणजे ते दात घालवून एकसंध चित्र करू का? एक डिस्क करून पाहिली, तर टीव्हीवर वरात झटके खात चालते.
— एक वाचक, कराड

उत्तर : डीइंटरलेस अजिबात करू नका. ते दात म्हणजे बिघाड नव्हे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड : एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्हींत १/५० सेकंदाचं अंतर. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. कॉम्प्युटर दोन्ही क्षण एकदम दाखवतो, म्हणून दात. डीव्हीडीला असं दोन फील्डांचं, म्हणजे इंटरलेस, चित्र चालतं. जुना टीव्ही ते तसंच दाखवतो आणि नवा सपाट टीव्ही स्वतःच जुळवून घेतो. तुम्ही आधीच डीइंटरलेस केलंत तर निम्मी हालचाल कायमची गेली.

झटक्यांचं कारण वेगळं आहे. डीव्हीमध्ये, म्हणजे तुमच्या टेपच्या फॉरमॅटमध्ये, खालचं (दुसऱ्या ओळीपासून सुरू होणारं) फील्ड आधी येतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये किंवा एक्स्पोर्टमध्ये बहुधा ‘अप्पर फील्ड फर्स्ट’ राहिलंय. मग क्षण १, २, ३, ४ असे न दिसता २, १, ४, ३ असे दिसतात. मी लग्नाचं एडिटिंग करायचो तेव्हा ही चूक करून पंधरा डिस्क वाटून बसलो होतो. नवरदेवाचे मामा म्हणाले, “घोडा मागं-पुढं का करतोय ओ?” प्रिव्ह्यूमध्ये काहीच दिसलं नव्हतं, कारण छोट्या खिडकीत अर्ध्या ओळी गळतात आणि चूकही त्यांच्याबरोबर गळते. तेव्हा प्रोजेक्ट आणि एक्स्पोर्ट दोन्हीकडे ‘लोअर’ ठेवा, वरातीतला आडवा पळणारा दहा सेकंदांचा तुकडा डीव्हीडी-आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर) लिहा आणि आईच्याच टीव्हीवर बघा. फ्रेम वर-खाली सरकवायची झाली तर सम संख्येच्या ओळींनीच. एक ओळ सरकली तरी फील्ड उलटतात.

आता नावांची पाटी. इथं देवनागरीची खास अडचण आहे, आणि इंग्रजी मॅन्युअलं त्याबद्दल गप्प असतात. बारीक फॉन्टची शिरोरेघ जेमतेम एका ओळीची असते. ती एकाच फील्डमध्ये पडते, म्हणजे सेकंदाला २५ वेळाच उजळते, आणि जुन्या टीव्हीवर ‘चि. सौ. कां.’ अख्खं लुकलुकत राहतं. फॉन्ट जाड घ्या, शिरोरेघ निदान तीन ओळींची होऊ द्या, किंवा पाटीला उभ्या दिशेनं अगदी किंचित ब्लर द्या. पूर्वी मीही नाजूक अक्षरांच्या मोहात पडायचो.

मंगलाष्टकांच्या शेवटी चित्र गोठवायचं असेल तर मात्र तेवढ्या फ्रेमपुरतं डीइंटरलेस करा, नाहीतर अंतरपाट थरथरत राहील.

बिटरेटचं, म्हणजे चित्राच्या दर सेकंदाला किती डेटा द्यायचा याचं म्हणाल, तर ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचं फुटेज ८ एमबीपीएसनं (सेकंदाला ८ मेगाबिट) आरामात मावतं. तिन्ही टेप एकाच डिस्कवर कोंबू नका, नाचात चित्राचे चौकोन पडतील.

बहिणीला फोनवर पाठवायची प्रत वेगळी करा, तीही मूळ कॅप्चरवरून. तिथं डीइंटरलेस हवंच, पण सेकंदाला ५० फ्रेमचं, म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम. मग अक्षता सुरळीत पडतील.