एच-इंडेक्स 46 म्हणजे नेमके किती?

प्रश्न : माझ्या मुलीला कर्करोगाच्या पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. तिने निवडलेल्या मार्गदर्शकांच्या परिचयात 212 शोधनिबंध, 11,000 सायटेशन (इतरांच्या लेखनात दिले गेलेले संदर्भ) आणि 46 एच-इंडेक्स असे लिहिले आहे, तर दुसरीकडे त्यांचाच एच-इंडेक्स 38 दिसतो. यांपैकी खरा आकडा कोणता आणि तो कितपत चांगला समजावा?

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेले असू शकतात. गूगल स्कॉलर हे विद्वत्तापूर्ण लेखन शोधण्याचे संकेतस्थळ प्रबंध, पुस्तके आणि प्रसिद्धीपूर्व मसुदे यांतील उल्लेखही मोजते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूची मुख्यतः निवडक नियतकालिकांवर भर देतात, त्यामुळे तेथील संख्या सहसा कमी भरते. शिवाय समान नावाच्या दुसऱ्या संशोधकाचे निबंध एखाद्याच्या खात्यात जाऊन बसण्याचे प्रकारही घडतात. हा घोळ टाळण्यासाठी 2012 पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक वापरात आहे. मार्गदर्शकांचा तो क्रमांक उपलब्ध असेल, तर यादी त्यावरून पडताळावी.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली. 46 याचा अर्थ असा, की या संशोधकांच्या 46 निबंधांचा प्रत्येकी किमान 46 वेळा इतरत्र संदर्भ दिला गेला आहे. त्यासाठी 46 गुणिले 46, म्हणजे 2,116 सायटेशन पुरतात. मग उरलेली सुमारे नऊ हजार कोठून आली, हा प्रश्न मला एच-इंडेक्सपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. ती अनेक निबंधांत विखुरलेली असतील तर चित्र वेगळे, आणि दोन-तीन निबंधांतच साठलेली असतील तर वेगळे.

म्हणून निबंधांची यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावून पहिले दहा निबंध कोणत्या प्रकारचे आहेत, ते पाहावे. आढावा लेखांचा उल्लेख मूळ प्रयोगांपेक्षा अधिक होतो. कर्करोग-संशोधक हॅनाहन आणि वाइनबर्ग यांचा कर्करोगाच्या लक्षणवैशिष्ट्यांवरील 2000 सालचा प्रसिद्ध लेखही आढावाच होता. पद्धत सांगणाऱ्या निबंधाचे तर विचारूच नये. प्रथिने मोजण्याची रीत सांगणाऱ्या लॉरी आणि सहकाऱ्यांच्या 1951 मधील निबंधाचा तीन लाखांहून अधिक वेळा संदर्भ दिला गेला, कारण ती रीत वापरणाऱ्या प्रत्येकाला तो द्यावा लागे. अनेक केंद्रांवर चाललेल्या मोठ्या रुग्णचाचणीच्या निबंधावर कित्येक डझन नावे असतात आणि त्याचे सगळे सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होते.

यानंतर नावाचे स्थान पाहावे. जीववैद्यकीय क्षेत्रात प्रत्यक्ष काम बहुतांशी पहिल्या लेखकाने केलेले असते, तर शेवटचे नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. आपल्या मुलीच्या दृष्टीने हा सर्वांत उपयुक्त भाग आहे : गेल्या पाच वर्षांत जेथे मार्गदर्शकांचे नाव शेवटी आहे, त्या निबंधांवर पहिले नाव कोणाचे आहे? ते त्यांच्या विद्यार्थ्यांचे असेल तर प्रयोगशाळा जिवंत आहे. 212 पैकी बहुसंख्य निबंधांत मार्गदर्शक मध्येच कोठेतरी असतील, तर आकडा मोठा असूनही तेथे विद्यार्थ्याच्या वाट्याला स्वतःचे काम कितपत येईल, याची शंका घ्यावी. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी थंडावलेली प्रयोगशाळाही कागदावर भरभराटीची दिसते.

सायटेशन म्हणजे निष्कर्ष बरोबर असल्याचा दाखला नव्हे, हेही मुलीला सांगावे. ॲमजेन या औषध कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगविषयक 53 महत्त्वाच्या निबंधांतील निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहिले, तेव्हा केवळ सहांचे निष्कर्ष टिकले, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. मागे घेतलेले निबंधही पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहतात. उलट संशोधक पेटन राऊस यांनी कोंबड्यांतील एक कर्करोग विषाणूमुळे पसरतो हे 1911 मध्येच दाखवले होते, पण त्यांना नोबेल मिळाले ते 1966 मध्ये. त्यांच्या निबंधाला पहिल्या पाच वर्षांच्या सायटेशनवर तोलले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी.

प्रश्न : शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर निवडताना त्यांचा एच-इंडेक्स पाहावा का?

उत्तर : नाही. त्या आकड्यातून हाताचे कसब कळत नाही. तशाच प्रकारच्या किती शस्त्रक्रिया ते दरवर्षी करतात, आणि उपचाराचा निर्णय अनेक विषयांचे तज्ज्ञ एकत्र बसून घेतात का, हे त्यांनाच विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.