आईला एमआरआयची फार भीती वाटते. व्हीआर हेडसेटने ती जाते का, की मानसोपचारासाठी न्यावं?

नुसत्या हेडसेटने, म्हणजे डोळ्यांवर बांधून आपण खरंच दुसरीकडे आहोत असं भासवणाऱ्या त्या चष्म्याने, जात नाही. मानसोपचाराच्या जोडीने वापरला तर बऱ्याच जणांची भीती तपासणी पार पडण्याइतकी कमी होते. त्यामुळे न्यावं का हा प्रश्नच नको, न्याच.

माझे अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. भर पावसात कशेडी घाटातून रात्रीच्या गाड्या काढलेला माणूस. मणक्याच्या एमआरआयला त्यांना मशीनच्या नळीत सरकवलं, खांदे कडेला लागले आणि त्यांनी बाहेर काढा असं कळवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. बाहेर आल्यावर टेक्निशियन सगळ्यांसमोर म्हणाला, "काय बाबा, लहान पोरंपण एवढं करत नाहीत." अप्पांनी शर्टाची बटणं लावली आणि घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. घरी काका वाट बघत होते. त्यांचं म्हणणं, मन घट्ट करायचं, डोळे मिटायचे, रामरक्षा म्हणायची. मी मानसोपचाराचं नाव काढल्यावर म्हणाले, "माझ्या भावाला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार तू?" त्यावरून आमचं आजही मिटलेलं नाही.

मी नेलं. त्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत हेडसेट बाहेरसुद्धा काढला नाही. आत गेल्यावर नेमकं काय होईल असं वाटतं, एवढंच विचारत राहिल्या. आवाजाचं काही नव्हतं, अंधाराचंही नव्हतं. शेवटी अप्पा म्हणाले, "श्वास कोंडेल, आणि हाक मारली तरी कुणाला ऐकू जायची नाही." मग बाईंनी एकेक गोष्ट घेतली. नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते, आत पंख्याची हवा येते, बोललेलं बाहेर ऐकू जातं. आणि मागच्या वेळी तुम्ही फुगा दाबलात तेव्हा तुम्हाला बाहेर काढलंच ना, असं त्यांनी विचारलं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. अप्पा तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकून बसले.

हेडसेट त्यानंतर आला. चष्म्यावरून तो नीट बसेना, ती वेगळीच खटपट. आधी सेंटरचा पॅसेज, मग मशीनची खोली, मग पाठीवर झोपून टेबल आत सरकतंय, छत दिसेनासं होतंय, आणि तो ठकठकाट. प्रत्येक टप्प्यावर भीती शंभरपैकी किती ते सांगायचं, आणि आकडा उतरल्याशिवाय पुढे जायचं नाही. भीती शिगेला असताना निसटलं की मन शिकतं, पळालो म्हणून वाचलो. तिथेच थांबून ती ओसरू दिली की उलटं शिकतं. हे काही कालपरवाचं खूळ नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच उंचीच्या भीतीवर व्हीआर वापरून पाहिलं होतं.

तुम्ही बर्फाच्या खेळाचे व्हिडिओ पाहिले असतील, तर तो प्रकार वेगळा. सिएटलच्या हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' हा व्हीआर खेळ वापरला. इकडे ड्रेसिंग चालू असताना रुग्ण तिकडे बर्फाच्या दरीत बर्फाचे गोळे फेकत असतो. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं, आणि तेच दुसरीकडे खेचलं जातं. ड्रेसिंगला, सलाईनची सुई लावताना हे उपयोगी पडतं. तुमच्या आईला मात्र नाही, कारण तिथल्या चुंबकामुळे साधा हेडसेट एमआरआयच्या खोलीत नेताच येत नाही. सराव आधी करायचा, आत मोकळ्या डोळ्यांनी जायचं.

अप्पांचा एमआरआय झाला. दुसऱ्या सेंटरमध्ये, रुंद नळीच्या मशीनवर (जुनी ६० सेंटीमीटरची, ही ७० ची, फोनवरच विचारून घ्या). काका म्हणतात, मशीन रुंद होतं म्हणून झालं. रुंदीने फरक पडतोच. पण अप्पा त्या दारापर्यंत यायला तयार नव्हते, ते कशाने झाले? रामरक्षेला माझा विरोध नाही, अप्पांनी आत तीच म्हटली. माझा विरोध घाबरलेल्या माणसाला लाज आणण्याला आहे. त्या लाजेपायी त्यांनी पायाला मुंग्या येत असतानाही तपासणी कितीतरी दिवस पुढे ढकलली. "गोळी देऊन झोपवायचं, विषय संपला" हे ज्यांचं उत्तर असतं त्यांनी पुढच्या एमआरआयचं काय, हेही सांगावं.

अर्थात तपासणी तातडीची असेल, किंवा विस्मरणाच्या आजारामुळे माणसाला समजावून सांगणंच शक्य नसेल, तर गुंगीचं औषधच बरं, आणि ते डॉक्टर ठरवतील. फिट येत असतील किंवा गरगरण्याचा त्रास असेल तर हेडसेट लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. जवळ व्हीआरची सोय नसेल तर अडून बसू नका. मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावून खाटेखाली झोपण्याचा सरावही चालतो, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी आणि कुणीतरी सोबत असताना. आणि एक राहिलं: आईला रक्त किंवा सुई बघून चक्कर येत असेल तर वरचं सगळं तसंच लावू नका. तिथे रक्तदाब एकदम घसरतो, म्हणून अंग सैल सोडायचं नसतं. हातापायाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, जरा सोडायचे, पुन्हा आवळायचे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांची ही पद्धत आहे, सायकॉलॉजिस्टकडून शिकून घ्या.