वहीत एकच ओळ, आणि तिळगूळ हाताशी

अगं, नव्या वर्षात रोज कृतज्ञतेची वही लिहायची आणि जुने राग सोडून लोकांना माफ करायचं म्हणतेस ना, तर पहिल्याच दिवशी दहा-दहा गोष्टी लिहायला बसू नकोस, मी पण पहिल्या वर्षी हेच केलं आणि 9 जानेवारीला वही बंद. झोपायच्या आधी एकच ओळ लिही, पण बारीक लिही. "आईबद्दल कृतज्ञ" वगैरे नको, "आईने लोणचं वेगळ्या डबीत दिलं म्हणून पोळी तेलकट झाली नाही" असं, मग बघ, दुसऱ्या दिवशी डोळे आपोआप शोधायला लागतात.

माफीचं जरा अवघड आहे, खोटं कशाला बोलू. 1 तारखेला सगळ्यांना माफ केलं असले स्टेटस टाकू नकोस. आपल्याकडे संक्रांत आहे ना, 14-15 जानेवारीला, आणि तिळगूळ पार रथसप्तमीपर्यंत देता येतो, म्हणजे घाई नाही. माझं आणि जावेचं दागिन्यांवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं, शेवटी मी वाटीभर तिळाच्या वड्या घेऊन गेले, त्याही दगडासारख्या झालेल्या, ती म्हणाली पाक पुढे गेला वाटतं, आणि तिथून जे बोलणं सुरू झालं ते झालंच, दागिन्यांचा विषय आजतागायत निघालेला नाही आणि मी काढणारही नाही.

पण जो माणूस अजून त्रास देतोय त्याच्या दारात वाटी घेऊन जायची काही गरज नाही हं, त्याचा राग वहीत लिही आणि पान उलट. आणि त्याने पुन्हा उसने पैसे मागितले तर सरळ नाही म्हण, माफ केलं म्हणजे उधारी चालू असं नसतं.