टर्बोच्या प्लगवरचे चमकते ठिपके

प्रश्न: माझी 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो. 2019 मध्ये रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) वाढवून घेतला. मागच्या आठवड्यात संभाजीनगरहून परत आल्यावर स्पार्क प्लग काढले. चारही पांढरट, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर चिनी मातीला बारीक चमकते ठिपके. ट्यूनिंगवाले म्हणतात, पांढरे प्लग म्हणजे पेट्रोल स्वच्छ जळतंय. खरं का?
– एक वाचक, जालना

उत्तर: आधी गाडी उभी करा, बाकीचं नंतर वाचा.

पांढऱ्या रंगाबद्दल ते अर्धे बरोबर आहेत. प्लग बदामी दिसला की इंजिन ठीक, हा ठोकताळा कार्बोरेटरच्या आणि शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, काजळी कमी धरते आणि प्लग फिकटच निघतो. शिवाय जालन्यात शिरल्यावर तुम्ही सिग्नलला थांबत, हळूहळू घरी आलात. पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा-पेट्रोलचं मिक्श्चर कसं होतं, याची खूण तेवढ्यात पुसली जाते.

ठिपके मात्र पुसले जात नाहीत. ते चमकतात म्हणजे तो बहुधा पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतो, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. आणि आतली ज्वाळा 2000 अंशांच्या वर असते. पिस्टन टिकतो, कारण त्याच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, स्थिर थर असतो. नॉकिंग झालं, म्हणजे मिक्श्चर आपोआप, स्फोटासारखं पेटलं, की दाबाच्या लाटा तो थर उडवून लावतात आणि पिस्टनचे कण सुटून प्लगवर चिकटतात. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडलेल्या या गाड्या मी खूप हाताळल्या आहेत. 20 व्हॉल्व्हचं हे इंजिन दणकट आहे, पण नॉकिंगपुढे चांगला पिस्टनही हरतो. म्हणूनच मला तुमच्या गाडीची काळजी वाटते.

आता भिंग आणि टॉर्च घ्या. प्लगची बाजूची वाकलेली पट्टी बघा. तिच्यावर कुठेतरी रंग बदलल्याची आडवी रेघ असते. रेघ वाकाच्या मध्यावर असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, जुळलेलं आहे. टोकाकडे असेल तर टायमिंग कमी. बुंध्याकडे, जिथे पट्टी आट्यांना जोडलेली आहे तिकडे सरकली असेल, तर जास्त. तिसऱ्या प्लगची रेघ इतरांपेक्षा बुंध्याकडे सापडेल असा माझा अंदाज आहे. मिक्श्चर वाचायचं ते चिनी मातीच्या अगदी तळाशी, आत खोल दिसणाऱ्या काजळीच्या कड्यावरून. त्यासाठी जोर लावून इंजिन तिथेच बंद करावं लागतं आणि हे काम डायनोवरच (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून मोजणारं यंत्र) करा. समृद्धी महामार्गावर कुणीही हा प्रयोग करू नये: इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एकदोन दाबांत संपतो. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढू नका, आटे जातात.

तीन गोष्टी करून घ्या. तिसऱ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक टेस्ट (तो दाब किती धरतो आणि किती गळतो), आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघणं. तिसरा इंजेक्टर इतरांइतकंच पेट्रोल सोडतो का, हे बेंचवर तपासणं, कारण एकच सिलिंडर बिघडतो तेव्हा संशय आधी तिथेच जातो. आणि बंपरच्या कोपऱ्यात, चाकापुढे बसवलेला छोटा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) धुणं. आपल्याकडची धूळ त्याच्या पत्र्यांत ठासून बसते; मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना आत जाणारी हवा आधीच तापलेली, त्यात बूस्ट वाढवलेला.

2019 चा मॅपही नव्याने करून घ्या. इथेनॉल नॉकिंगला उलट आवर घालतं, म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. पण शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण 13.5 पट. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर जुना मॅप पेट्रोल कमी सोडतो. ट्यून करणाऱ्याने टायमिंग दोन-तीन अंश मागे घेतलं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडली पाहिजे. त्याने नकार दिला, तर दुसरा माणूस बघा.

प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे 6 च्या जागी 7. बॉशचं नेमकं उलट. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, 0.7 मिलिमीटर.

प्रश्न: माझ्या छोट्या टर्बो पेट्रोल गाडीचे इरिडियम प्लग गॅरेजवाल्याने तारेच्या ब्रशने घासले आणि गॅपही वाढवला. आता चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना गाडी झटके देते.
– एक वाचक भगिनी, कन्नड

उत्तर: ताई, बूस्टमध्ये दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढला की सपाटीवर चालतं, चढावर ठिणगी चुकते. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्याला ब्रश लावायचा नसतो. नवे प्लग घ्या, गॅप गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तोच ठेवा, आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायला सांगा. झटके तरीही राहिले तर इग्निशन कॉइल तपासा.