ठासणीची बंदूक: निपल आणि घोडा मागवण्याआधी

मालक, आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना तुमच्या नावावर झालाय, घोड्याचे दोन-तीन मार बसल्याशिवाय टोपी (माराने पेटून आतली दारू पेटवणारी छोटी वाटी) पेटत नाही आणि अर्ध्यावर चढवलेला घोडा कधीकधी निसटतो, म्हणून निपल (टोपी बसते ती पोकळ खुंटी) आणि घोडा दोन्ही मागवायचे, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि दुसरं जिवावरचं आहे.

आधी नळी रिकामी आहे का ते बघा. टोपी न चढवता, तोंड स्वतःपासून लांब धरून दारू ठासायचा गज आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक निपलपाशी पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच अडलं, तर आत जुना, न उडालेला बार आहे. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत असा बार निघालेला मी पाहिलाय. तसं असेल तर कशालाही हात लावू नका, दुरुस्तीवाल्याला कळवा.

आता निपल. घोड्याच्या माराने तिचं डोकं फुगतं आणि टोपी पूर्ण खाली बसत नाही. पहिला मार टोपीला नुसता दाबतो, पुढचा पेटवतो. तुमचं दुखणं मला हेच दिसतं. पण आटे मोजल्याशिवाय नवी घेऊ नका. परदेशी बनावटीत पाव इंच जाडी आणि इंचाला २८ आटे, किंवा ६ मिमी जाडी आणि दोन आट्यांत ०.७५ मिमी अंतर, असे दोन प्रकार बरेच दिसतात. जाडीत फरक जेमतेम ०.३५ मिमीचा. बारीक निपल मोठ्या भोकात दोन आटे धरते, बसल्यासारखी वाटते, आणि बार उडाला की उलटी तोंडावर येऊ शकते. हाताने घडवलेल्या बंदुकीत तर आटा त्या कारागिराचा, बाजारात जोड मिळेलच असं नाही.

घोडा बदलून निसटणं थांबणार नाही. झिजते ती घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या चकतीची खाच किंवा तिच्यात अडकणारं पट्टीचं टोक. तिथे कानस मुळीच लावू नका. वरचा कडक थर गेला की खालचं मऊ लोखंड लगेच झिजतं. हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नेऊ नका. दुरुस्ती होईपर्यंत बंदूक भरूही नका.

आणि सोलापूरची हवा कोरडी म्हणून गंजाला विसरू नका. जळलेल्या काळ्या दारूचे क्षार ओल ओढतात. बार उडवला त्याच दिवशी गरम पाणी, कोरडी चिंधी, मग तेल. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून ठेवा, पुढच्या वेळी किल्लीने सहज सुटेल.